एसी लावला की थरथरते

वारके मॅडम गाडीतून उतरल्या, ऑफिसच्या पायरीवर पदर सावरत उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "विनिता, तुमचं स्टेअरिंग धरलं की हातात पिठाची चाळणी धरल्यासारखं वाटतं. ही गाडी नीट करणार आहात की नाही?"

त्यांच्यामागून आप्पा आले. माठातलं पाणी घेता घेता म्हणाले, "एसी लावला की थरथरते, मॅडम. जुनी गाडी आहे. चालायचंच."

ते 'चालायचंच' मी होळीपासून ऐकत होते आणि आता माझं डोकं फिरायच्या बेतात होतं.

भुसावळला आमचं ड्रायव्हिंग स्कूल. आप्पा, म्हणजे माझे वडील, गाडी शिकवायचे. मी ऑफिस बघायची, आरटीओच्या चकरा मारायची आणि लोकांची बोलणी खायची. गाडी मला झकास चालवता येत होती, पण शिकवायला आप्पांनी मला कधी बसवलं नाही. तुझं तोंड ऐकून माणूस क्लचसकट गाडी सोडून पळेल, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं होतं असं नाही.

त्यांची शिकवायची तऱ्हाच निराळी होती. ते डावीकडे बसायचे, पाय जादाच्या ब्रेकवर, आणि उजवा हात स्टेअरिंगवर खालच्या बाजूला. धरायचा नाही, नुसता ठेवायचा. शिकणाऱ्याला वाटायचं आपणच चालवतोय, आणि वेळ आली की तोच हात गाडी अशी वळवायचा की समोरच्या सायकलवाल्यालाही कळू नये. अर्ध्या भुसावळला त्यांनी त्या एका हातावर शिकवलं होतं. पोरीबाळींना घरचे लोक डोळे झाकून त्यांच्याकडे पाठवायचे. आमच्या स्कूलची पाटी फिकी पडली होती, गाडी एकच होती, पण 'आप्पा भारंबे शिकवतात' एवढ्यावर आमचं घर चालत होतं.

त्या वर्षी मात्र बस स्टँडसमोर नवा ड्रायव्हिंग क्लास निघाला. कोऱ्या करकरीत गाड्या, थंडगार एसी, दारात फुगे. आमचे येणारे लोक तिकडे वळायला लागले. धंदा खरा उन्हाळ्याच्या सुट्टीतला, आणि आमच्या हातात त्या सुट्टीसाठी एकच आशा होती: कन्याशाळेतल्या शिक्षिका. गणिताच्या वारके मॅडम आधी स्वतः शिकून बघणार होत्या आणि मनाला पटलं तर सगळ्या जणींना घेऊन येणार होत्या. हा गट गेला तर गाडी विकून शटर ओढायचं, हे आप्पांनीच मला सांगितलं होतं. सांगून मोकळे झाले, आणि मग त्याच मॅडमना थरथरत्या गाडीत बसवून 'चालायचंच' म्हणत राहिले. आता अशा माणसाचं काय करायचं, सांगा.

बरं, बिघाड काही माझ्या डोक्यातला नव्हता. मी स्वतः गाडी घेऊन बसले की मलाही जाणवायचा. गाडी उभी असताना एसीचं बटण दाबलं की इंजिन जरा दबल्यासारखं व्हायचं आणि सीटला बारीक कंप सुटायचा. बटण बंद केलं की सगळं शांत. भुसावळच्या एप्रिलमध्ये एसी बंद करून गाडी शिकवायची म्हणजे शिकणाऱ्याला तव्यावर बसवण्यासारखं. तेव्हा इलाज एकच, दुरुस्ती.

मी गाडी जळगावच्या मोठ्या वर्कशॉपला लावली. त्यांनी सांगितलं, दोन दिवस ठेवा, एसीचा कॉम्प्रेसर उतरवून बघू. भुसावळला परतून दुपारी मी जेवून ऑफिसला येते तर गाडी दारात उभी. आप्पा बसने जळगावला जाऊन गाडी घेऊन आले होते. म्हणे, त्या पोरांना काही कळत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मग ज्याला कळतं त्याच्याकडे जाऊ. मधू फिरके माझ्या वर्गातला, त्याचं यावल रोडला गॅरेज, आप्पांनीच त्याला गाडी शिकवलेली. मधूने बॉनेट उघडलं, एसी लावला, मला म्हणाला गिअर टाकून क्लच अर्धा सोड. मी सोडला. इंजिन असं उसळलं की मधूने जीभ चावली.

आप्पा तिथेच उभे होते. म्हणाले, "इंजिनचं काही नाही. पुढचा टायर बघ."

मधू त्यांच्याकडे बघतच राहिला. मीही. ज्या माणसाने आयुष्यभर गल्लीच्या टोकावरून आवाज ऐकून कुठल्या गाडीचा कुठला बेल्ट सैल आहे ते सांगितलं, तो माणूस उभ्या गाडीच्या थरथरीला टायर सांगतो? चाक फिरतच नाही तर टायर काय करणार, कप्पाळ? पण मधूला आप्पांपुढे बोलायची सोय नव्हती. गुरू पडले ना. त्याने मुकाट्याने दोन्ही टायर काढले, बॅलन्सिंग केलं, बसवले. थरथर जशीच्या तशी. पुढच्या खेपेला आप्पांनी प्लग सांगितले. मधूने प्लग बदलले. मग म्हणाले, रेडिएटरचा पंखा. मधूने पंखा उतरवून पुसून पुन्हा लावला. दर वेळी तो इंजिनखाली वाकायला लागला की आप्पांना काहीतरी आठवायचं, क्लासची वेळ झाली, मॅडम येऊन बसल्या असतील, आणि ते किल्ली मागून गाडी घेऊन जायचे.

मी घरी आदळआपट केली. आईला म्हटलं, या माणसाला मनातून स्कूल बंदच करायचं असेल तर तसं सांगा, मी पुण्याला नोकरी बघते. आई भरीत परतत होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, त्यांच्या मागे लागू नको. म्हणजे घरात मीच वेडी.

आणि सगळ्यावर वरताण म्हणजे एसी. आप्पांनी जन्मात कधी एसी वापरला नव्हता. एसीने ड्रायव्हर झोपाळतो, इंजिनाचा आवाज कानाला कळत नाही, असं ते शिकवायचे. तेच आप्पा आता सकाळी साडेसहाला, तापीवरून जरा गार वारा येत असताना, गाडीत बसल्या बसल्या आधी काचा वर करायचे आणि एसी लावायचे. मी एकदा म्हटलं, आप्पा, आत्ता कशाला, त्याच्यानेच तर थरथरते ना? तर म्हणाले, मॅडमना घाम येतो. मॅडम म्हणाल्या, मला नाही येत. तरी एसी चालूच. मला तर वाटायला लागलं की उन्हाने यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

तर त्या दिवशी मॅडम पायरीवर उभ्या राहून 'चाळणी' म्हणाल्या तो शनिवार होता. आप्पा पाणी पिऊन आत गेले तेव्हा मॅडमनी आवाज खाली आणला. त्या भांडखोर नव्हत्या, हिशेबी होत्या. म्हणाल्या, सर चांगले शिकवतात, माझी तक्रार सरांबद्दल नाहीच, पण बाकीच्या जणी आधीच घाबरलेल्या आहेत. अशा थरथरत्या स्टेअरिंगवर मी त्यांना बसा म्हणून कसं सांगू? सोमवारी मी येते. गाडी नीट असेल तर सगळ्यांची नावं त्याच दिवशी लिहून देते. नसेल तर आम्ही स्टँडसमोर जातो, तुम्ही राग मानू नका.

मी राग कसला मानणार. त्यांच्या जागी मी असते तर गेल्याच आठवड्यात गेले असते.

रविवारी आई-आप्पांना यावलला एका साखरपुड्याला जायचं होतं. आप्पा गाडी काढायला निघाले तसं मी सांगून टाकलं की मला गाडी धुवायची आहे, तुम्ही बसने जा. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण आई पिशवी घेऊन रस्त्याला लागली होती. बस वळणापलीकडे गेली आणि मी थेट मधूच्या गॅरेजात.

मधूला म्हटलं, आज आप्पा नाहीत. आज तुला जे दिसतं ते कर. टायरचं नाव काढलंस तर गाठ माझ्याशी आहे.

तो हसला आणि खाली शिरला. थोड्याच वेळात वर येऊन त्याने मला बोलावलं. इंजिन गाडीला रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं, म्हणजे त्याचा हादरा बॉडीला लागत नाही. आमच्या गाडीचं एक माउंटिंग पार फाटून लोंबत होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला हे व्हायचंच, असं मधू म्हणाला. प्रत्येक नवशिक्या क्लच झटकन सोडतो आणि प्रत्येक झटका त्या रबराने खाल्लेला असतो. एरवी इंजिन हलकं फिरतं म्हणून कळत नाही. एसी लावला की कॉम्प्रेसरचं ओझं पडतं, इंजिन दबतं, हलतं, आणि फाटक्या रबरातून ते सगळं सीटपर्यंत येतं. एवढी साधी गोष्ट. आप्पांना बॉनेट न उघडता सांगता आली असती.

माउंटिंग नवीन बसलं. मधूने गाडी चालू केली, एसी पूर्ण ठेवला आणि आपला चहाचा ग्लास डॅशबोर्डवर ठेवला. चहा हलला नाही. मी स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले, वाट बघितली. काहीच नाही. मला इतकं बरं वाटलं की मी मधूला त्याच्या गॅरेजात सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

"सीटची थरथर गेली बघ," मधू हात पुसत म्हणाला. "स्टेअरिंगची म्हणशील तर ती मला कधी जाणवलीच नव्हती. तुझ्या मॅडम स्टेअरिंगचं का म्हणतात, देव जाणे."

मी म्हटलं, नवशिक्यांना सगळं स्टेअरिंगमधूनच जाणवतं. आणि विषय संपवला.

संध्याकाळी आप्पा आले. मी ऐटीत सांगितलं, गाडी झाली, मधूने माउंटिंग बदललं, आता उद्या बघा. मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत. चपला काढता काढता थांबले आणि म्हणाले, "पूर्ण गेली का थरथर?" मी म्हटलं, पूर्ण. ते बरं म्हणाले आणि न जेवता झोपायला गेले. साखरपुड्याचं जेवण जड झालं, असं आईने सांगितलं.

सोमवारी मी ठरवूनच मागच्या सीटवर बसले. एरवी क्लास चालू असताना मी गाडीत नसायची, पण आजचा विजय मला डोळ्यांनी बघायचा होता. वारके मॅडम चालवायला, आप्पा त्यांच्या डावीकडे. एसी मीच लावायला सांगितला. निघताना, चौकात, बाजारात, मॅडम मान हलवत होत्या, फरक आहे, फरक आहे म्हणत होत्या. आप्पा आज बोलून शिकवत होते. हात मांडीवर. मला वाटलं, मॅडम आता बऱ्यापैकी चालवतात म्हणून असेल.

रेल्वेचं फाटक बंद होतं. आमच्या मागे केळीचा ट्रक येऊन उभा राहिला, अगदी चिकटून. रस्ता तिथे जरा चढाचा, गाडी मागे येऊ लागली तशा मॅडम गडबडल्या. आप्पांनी पायाने ब्रेक दाबला आणि सवयीने उजवा हात स्टेअरिंगवर ठेवला.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. "थरथरतंय अजून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मधूला मनातल्या मनात सोलून काढत मी पुढच्या दोन सीटांच्या मधे वाकले. बघते तर डॅशबोर्ड स्थिर. आरसा स्थिर. समोरच्या काचेपाशी चिकटवलेली गणपतीची मूर्ती स्थिर. फक्त स्टेअरिंग हलत होतं, बारीक, एकसारखं, आणि त्यावर आप्पांचा हात होता.

त्यांनी हात काढला आणि मांडीखाली दाबून घेतला.

"थांबलं," मॅडम म्हणाल्या.

आप्पा समोर बघत होते. बंद फाटकाकडे. मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये चालला होता, एसी चालू असताना. मॅडमनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यांना उत्तर हवं होतं. त्या उत्तरावर कन्याशाळा यायची की जायची ते ठरणार होतं. आणि आप्पा भारंबे शिकवतात याला गावात इथून पुढे काही किंमत राहणार की नाही, तेही.

"कॉम्प्रेसर आहे, मॅडम," मी म्हणाले. "एसीचा कॉम्प्रेसर मधूनमधून आपोआप चालू होतो, बंद होतो. चालू झाला की जरा थरथरतं."

कॉम्प्रेसर तसा चालू-बंद होतो, यात खोटं काही नव्हतं. माझा आवाज मात्र मलाच ओळखू आला नाही. मॅडम अच्छा म्हणाल्या आणि पुढे बघायला लागल्या.

रेल्वे गेली, फाटक उघडलं. मॅडमनी गाडी पलीकडे नेली तसं आप्पा म्हणाले, "मॅडम, डावीकडे घ्या. थांबवा."

ते उतरले. माझ्या बाजूचं दार उघडून उभे राहिले. "विनी, पुढे बस. मी मागे बसून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकतो. तुला कळायचा नाही."

मी काहीतरी बोलणार होते. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मी उतरले आणि त्यांच्या सीटवर बसले. ब्रेकवर पाय ठेवला तर पाय पुरेना, सीट पुढे ओढावी लागली. मॅडमनी गिअर टाकला आणि क्लच असा सोडला की गाडी उडी मारून बंद पडली. मागून दोन हॉर्न. माझ्या जिभेवर जे आलं होतं ते मी गिळलं. परत, म्हटलं. सावकाश, घाई नाही. कुठून आणला मी तो आवाज, कोण जाणे. मी हात स्टेअरिंगवर खालच्या बाजूला ठेवला, नुसता ठेवला, आणि आम्ही तापीच्या पुलापर्यंत जाऊन परत आलो.

ऑफिसपाशी आल्यावर आप्पा आत गेले. वारके मॅडमनी पर्समधून वहीचं पान काढून शिक्षिकांची नावं माझ्या टेबलावर ठेवली. मी आभार मानायला लागले तर त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"माझ्या वडिलांचंही उजव्याच हाताने सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही फार उशीर केला. जळगावला एक डॉक्टर आहेत, नंबर पाठवते. आणि आम्हाला शिकवायला तुम्ही बसा, पण सरांना मागे बसू द्या. त्यांना घरी ठेवू नका."

एवढं बोलून त्या चपला घालून गेल्यासुद्धा. मी शटरच्या सावलीत तशीच उभी राहिले. मग माझा राग परत आला. सगळाच्या सगळा.

आप्पा आत बाकावर बसले होते, हात पुन्हा मांडीखाली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून."

"आईला माहीत आहे?"

त्यांनी मानेनेच हो म्हटलं.

"आणि मला सांगायचं नाही. मला गावभर फिरवायचं, त्या बिचाऱ्या मधूला टायर काढायला लावायचे. उभ्या गाडीला टायर, आप्पा? दुसरं काही सुचलं नाही तुम्हाला?"

"नाही सुचलं," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. त्यांचं बघून मलाही आलं. आम्ही बापलेक त्या बाकावर बसून खो खो हसलो, रस्त्यावरचा माणूस आत डोकावून गेला इतके. मग ते हसायचे थांबले.

"गाडीचं माउंटिंग फाटलंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, ती थरथरते तोवर माझं झाकून जाईल. ही एक उन्हाळ्याची सुट्टी निभवायची होती, विनी. एवढीच. तुझं बस्तान बसेपर्यंत."

मी त्यांचा हात मांडीखालून ओढून काढला आणि माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मला वाटलं, धरला की थांबेल. तो थांबला नाही.